मळ्याला पाणी

बैठक साडेअकराची. सुरू झाली सव्वाबाराला,
कारण महसूलचे साहेब सिन्नरला अडकले
आणि प्रोजेक्टरची वायर सापडेना.
मी इतिवृत्त लिहिणारी.
माझं मत कुणी विचारत नाही,
अक्षर मात्र सगळ्यांना लागतं.

विषय क्रमांक चार : दारणेतले मूळचे मासे
आणि त्यांच्यासाठी सर्व यंत्रणांचा मिळून एक आराखडा.

भिंतीवर नदी आली,
प्रत्येक खात्याचा वेगळा रंग लावून.
पाणी पाटबंधाऱ्याचं. तळाची वाळू महसूलची.
काठावरचं झाड वनखात्याचं,
पडलं की ग्रामपंचायतीचं.
मासा मत्स्यव्यवसायाचा, तोही
ठेका दिलेल्या पाण्यातला.
पुलाखाली फेस साचतो,
त्याच्यासाठी रंग उरला नव्हता.

तांदळे मॅडमनी माशाचं शास्त्रीय नाव सांगितलं.
निकुंभ साहेब म्हणाले, स्पेलिंग?
खैरनारांनी मोबाइलवर शोधलं,
एका हॉटेलचं मेनूकार्ड निघालं.
तेव्हा मच्छीमार सोसायटीच्या खुर्चीतून,
जिच्यापुढे नावाची पाटी ठेवायची राहून गेली होती,
झिपाबाई लिलके म्हणाल्या,
मळ्या.
बोटाएवढा. पोटानं दगडाला धरून असतो.
पूर आला तरी दगड सोडत नाही.
पाणीच सोडून गेलं, तर मात्र
त्याला काय करावं कळत नाही.

आवर्तन बंद झालं की नदी तुटते,
डबक्याडबक्यांनी उरते.
एक डोह आहे, आमच्या वस्तीपासून हाकेवर.
तिथं मोटार नको, वाळूचा ट्रॅक्टर नको,
मे महिन्यात गुडघाभर पाणी राहू द्या.
पुढचं मासा बघेल.

"हे आमच्या अखत्यारीत येत नाही."
मी समासात रेघा ओढत गेले. सात झाल्या.
मग जेवणाची वेळ झाली, म्हणून मी लिहिलं :
ठराव. उन्हाळी आवर्तन बंद करताना
मळ्याला पाणी राखून ठेवावे.
कार्यवाही : सर्व.

सह्या झाल्या.
द्राक्ष बागाईतदारांचे गांगुर्डे तर
फोनवर सांगतच जिना उतरले,
झालं काम, मळ्याला पाणी राहिलं!

खोटं लिहिलं नव्हतं. तरी झोप लागेना.
मराठीनं एका शब्दात दोघांना बसवलं होतं
आणि दोघांपैकी
एकालाच वाचता येत होतं.

पुढच्या बैठकीत, मागील इतिवृत्त कायम करणे,
मी उभी राहिले. माझं काम नाही ते.
म्हटलं, ठरावातला मळ्या
द्राक्षाचा नाही, दगडाचा आहे.
गांगुर्डेंचा चहा बशीत सांडला.
निकुंभ साहेबांनी पेनाचं टोपण काढलं.
मला वाटलं, खोडणार.

त्यांनी विचारलं, गुडघा कुणाचा?

झिपाबाई उठल्या. ठेंगणी बाई.
शिपायानं लुगड्यावरूनच टेप धरली,
लाजत, मान वळवून.
अठरा इंच.
मी आकडा लिहिला.
महसूलनं समोर लिहिलं, उपसा बंद, जूनपर्यंत.
खैरनार म्हणाले, वरच्या नाल्याचं बघावं लागेल.
बघावं लागेल, असंच लिहिलं मी.
गांगुर्डे बराच वेळ बशी पुसत होते.
मग म्हणाले, डोहावर मोटार आहे ती
माझ्या चुलत्याची. बोलतो.
काढतो म्हणाले नाहीत.
तेही तसंच लिहिलं.
धरणाच्या दारावरच्या माणसाचा नंबर
झिपाबाईंनी तळहातावर उतरवून घेतला.

मे महिना. एकवीस तारीख.
रात्री पावणेतीनला फोन.
बाई, दार टाकलं त्यांनी. कळवून टाकलं.
मी काठी घालून बघितली डोहात.
अठराला दोन बोटं कमी हाये.
मोटार?
हाये. पण गप हाये आज.
आणि मासा? मासा दिसला का?

अंधार हाये हो, झिपाबाई म्हणाल्या,
हात घातला होता.
दगड बुळबुळीत लागले.